निर्मलच्या पुढचे पंधरा सेकंद

अहो,

तुमच्या नावावरचं जवळजवळ सगळं उरकलं. दाखल्याच्या प्रती काढल्या. बँकेत वारस म्हणून माझं नाव लागलं. गॅस, वीज, गाडीचा विमा, पेन्शनचे कागद, सगळं मार्गी लागलं. तुमचे दोन चष्मे विहारातल्या पेटीत दिले. मोबाइल मात्र अजून चालू ठेवला आहे, कारण त्यावर कधी कसला ओटीपी येईल सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, सुजाता, किती पटापट आवरलंस. मी म्हणते, आवरायलाच पाहिजे.

एकच गोष्ट राहिली आहे. ती कुठल्या खिडकीवर नेऊन द्यायची ते कळत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. नागपूरहून येताना, निर्मल सोडल्यावर, गोदावरीचा पूल ओलांडून थोडं पुढे, तुम्ही गाडी का थांबवत होतात?

थेट विचारलं तर तुम्ही हसून विषय बदलाल. म्हणून क्रमाने सांगते.

तो कॅमेरा तुम्ही आणला तेव्हा खरं तर मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला आबिड्सला गेला होतात. भांडं दुकानात विसरलात आणि मुठीत मावेल एवढा, गाडीच्या काचेला चिकटणारा कॅमेरा घेऊन आलात. मी विचारलं, हे काय?

"टाइमलॅप्स," तुम्ही म्हणालात. "दर थोड्या सेकंदांनी एक फोटो काढतो. मग ते सगळे जोडले की आपला नागपूरचा अख्खा रस्ता सहा मिनिटांत."

"आठ तास गाडी चालवायची आणि सहा मिनिटांत संपवायची? मग जायचंच कशाला?"

"तुला वेळ वाचलेला आवडतो ना, मॅडम? घे. वाचवला."

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. माझं म्हणणं असं होतं की त्यात फक्त रस्ता दिसतो, माणसं दिसत नाहीत. एवढं माझं माहेर, एवढी तुमची सासुरवाडी, आणि व्हिडिओत काय, तर डांबर. तुम्ही म्हणायचात, माणसं आतमध्ये आहेत ना, बाहेर कशाला शोधतेस. मग मी म्हणायचे, आतलं कुठे दिसतं त्यात. मग तुम्ही कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसत बसायचात, म्हणजे उत्तर द्यायला नको.

पहिला व्हिडिओ आपण माझ्या आईच्या टीव्हीवर लावला होता, आठवतं? आदिलाबादला आपण चहाला थांबलो आणि कॅमेरा तसाच चालू राहिला. सगळे कौतुकाने बघायला बसलेले, रस्ता सुसाट पळतोय, आणि एकदम एका ट्रकचा मागचा भाग आला तो जाईचना. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "जावईबापू, हा ट्रकच पाहायला गेलते काय तुम्ही?"

त्याच दिवशी मी नियम केला. गाडी थांबली की कॅमेरा बंद, निघाली की चालू. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल खात्यातले, नियम म्हटला की तुम्हाला बरंच वाटायचं. बटण दाबलं की कॅमेरा मोठ्याने टूँ करायचा आणि तुम्ही म्हणायचात, "सिग्नल लाल, मॅडम, उतरा." मला त्याची इतकी सवय झाली की तो आवाज कानावर पडला की माझा हात आपोआप पर्सकडे जायचा. चहा असो, डबा असो, पेट्रोल असो, टूँ झालं की उतरायचं. त्यानंतर तुमच्या एकाही व्हिडिओत गाडी थांबलेली दिसली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

दुसरा वाद उशिराचा. मी निघायच्या आदल्या दिवशी वेळा लिहून काढायचे. सातला आईकडून निघायचं, हिंगणघाटला चहा, दुपारी निर्मलला आईने दिलेला डबा, कामारेड्डीला पुन्हा चहा, चारला तारनाका. जाताना सगळं जमायचं. येताना मात्र अलीकडे निर्मलपर्यंत घड्याळ बरोबर आणि घरी पोचेपर्यंत अर्धा तास उशीर. दर वेळी.

"तुम्ही हळू चालवता."

"पुढे ट्रक होते."

"जाताना नसतात ट्रक?"

"जाताना सासुरवाडी असते. ट्रकवालेपण बाजूला होतात."

रेल्वेच्या माणसाने उशिराची कारणं सांगू नयेत, असं मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, रेल्वेच्या माणसालाच ती सगळ्यांत चांगली सांगता येतात. पार्किंगमध्ये सामान उतरवता उतरवता हे संवाद आपण इतक्या वेळा बोललो आहोत की वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही ते पाठ असतील.

तिसरा तर वादच नव्हता, कारण त्यात माझं बरोबर होतं. मी गाडीत झोपत नाही. निर्मलचा डबा खाल्ल्यावर डोळे मिटायचे, एवढंच. कामारेड्डीचा फलक यायच्या आधी उघडायचे. मी विचारायचे, आर्मूर कधी गेलं? तुम्ही म्हणायचात, आत्ताच. आणि मग, अगदी गंभीरपणे, "मॅडम डोळे मिटून यादी करत होत्या."

आता पुढचं.

त्या सकाळी तुम्ही चहा मागितलात आणि मी चहा आणेपर्यंत खुर्चीत वाकला होतात. त्याबद्दल मी लिहिणार नाही. दवाखान्यात सगळं संपल्यावर डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, बोलायला चांगले. म्हणाले, "हृदयाचं हे दुखणं आजचं दिसत नाही. बऱ्याच महिन्यांचं असणार. दमायचे का? मध्येच थांबावंसं वाटायचं का त्यांना? तुम्हाला कधी काही बोलले नाहीत?"

मी म्हटलं, नाही. लगेच म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. आपल्या लेकीला, यशूला, कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे, आईची रक्तदाबाची गोळी कधी बदलली, शेजारच्या बाईंची थायरॉइडची तपासणी कधी आहे, हे सगळं मला तोंडपाठ. तुमच्याबद्दल विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. तुम्ही बरे असायचात. विचारलं की म्हणायचात, मस्त.

विहारातल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी यशू म्हणाली, "मम्मी, फोटो सगळेच लावतात. आपण पप्पांचे रस्ते लावू." तुमच्या लेकीचं मराठी वाचन तुम्हाला माहीत आहे. तुम्ही फाइलींना दिलेली नावं मी तिला वाचून दाखवत होते आणि ती लॅपटॉपवर जोडत होती. नागपूर ते हैदराबाद, दिवाळीनंतर. नागपूर ते हैदराबाद, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. नागपूर ते हैदराबाद, ढग. तुम्ही नावं अशी का द्यायचात, तेही विचारायचं राहिलं.

दोघी बघत बसलो. पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, घाटातली वळणं, निर्मल, गोदावरीचा पूल. आणि मग रस्ता थांबला.

डाव्या हाताला हळदीचं शेत, पलीकडे ताडाची चार-पाच झाडं. शेत हलत नाही. फक्त ताडांच्या सावल्या थोड्या सरकतात, उजवीकडून ट्रक टिपक्यांसारखे येतात आणि जातात. मग पुन्हा रस्ता सुरू.

"हे पार्ट बोअर आहे," यशू म्हणाली. "कट करते."

"थांब," मी म्हटलं. "दुसरा लाव."

दुसऱ्यातही तेच शेत होतं. हळद नुकती लावलेली, गुडघ्याएवढीही नाही. तिसऱ्यात ती कंबरेएवढी. एकात शेत रिकामं, काढणी होऊन गेलेली. एकात बकऱ्या आहेत, पहिल्या क्षणी डावीकडे आणि पुढच्याच क्षणी नाहीत. फक्त येतानाच्या व्हिडिओत, जातानाच्या एकातही नाही. आणि अगदी पहिल्या वर्षापासून नाही, गेल्या दोन वर्षांतल्या व्हिडिओतच. प्रत्येकात साधारण पंधरा सेकंद. यशूने गणित केलं आणि म्हणाली, "ट्वेंटी मिनिट्सच्या वर होतं मम्मी. तू काय करत होतीस तेवढा वेळ?"

मी डोळे मिटून यादी करत होते.

एका व्हिडिओत तुम्ही आहात. सगळ्या व्हिडिओंत मिळून एकदाच. बॉनेटच्या थोडं पुढे, शेताकडे तोंड करून, पाठमोरे, निळा शर्ट, दोन्ही हात कमरेवर. क्षणभरच दिसता आणि मग नसता. मी ते चित्र थांबवायला सांगितलं. कमरेवर हात ठेवून माणूस शेत बघतो. कमरेवर हात ठेवून माणूस दमही घेतो. मागून सारखंच दिसतं.

"पप्पा स्ट्रेच करतायत," यशू म्हणाली. ती अजून स्क्रीनकडेच बघत होती. तिला डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलेलं नव्हतं. मग सांगितलं. तो व्हिडिओ आम्ही विहारात लावला नाही. तुमचा फोटोच लावला, कार्यालयातल्या ओळखपत्रावरचा.

आता माझा गोंधळ सांगते. तुम्हाला गोंधळ आवडत नाही, मलाही नाही, पण हा सुटत नाही.

एक शक्यता अशी, की तुम्हाला तिथे पोचेपर्यंत बरं वाटेनासं व्हायचं. जेवण झालेलं, ऊन, निर्मलपर्यंतचं चालवून झालेलं. थोडं थांबावं लागायचं. मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी तुम्हाला तपासायला नेलं असतं, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून सांगितलं नाहीत. मग मी तुमच्या शेजारी हातभर अंतरावर होते आणि मला काहीच कळलं नाही.

दुसरी अशी, की मी झोपले होते म्हणून थांबलात. आर्मूरच्या अलीकडे रस्त्याला उंचवटे आहेत. तिथे माझं डोकं काचेला आपटायचं आणि मी चिडून उठायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. झोप होईपर्यंत थांबायचं आणि मग हळूच निघायचं. आणि उशीर झाला म्हणून पार्किंगमध्ये माझं बोलणं खायचं.

तिसरी लिहायला अवघड जाते. आठ तासांत तेवढी वीस मिनिटंच अशी असायची की माझ्या वेळापत्रकात ती नव्हती. कदाचित तुम्हाला ती हवी होती. बास. मी झोपलेली, कोणी काही विचारत नाही, समोर हळद.

रहीमभाई मध्यंतरी येऊन गेले. तुमच्याबरोबर इतकी वर्षं त्या खात्यात काढलेला माणूस, त्यांना नक्की माहीत असेल असं वाटलं. खुर्चीच्या टोकावर बसले, चहा घेतला. मी सरळ विचारलं, हे दमायचे का?

"उनों थकते कब थे भाभी? दफ्तर की सीढियां हमारे आगे आगे चढते थे. मैं हांफता तो मेरे पे हंसते थे."

मला बरं वाटलं. मग ते कप खाली ठेवून म्हणाले, "मगर हौ, पिछले साल से चाय आधी छोड देते थे. मैं बोला क्या मिलिंदभाई, चाय भी नक्को? बोले, घर जाके पीता." घरी तुम्ही पूर्ण कप प्यायचात. की बेसिनमध्ये ओतायचात? हे मी रहीमभाईंना विचारलं नाही. त्यांना तरी काय माहीत असणार. जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "गाडी की बात बहुत करते थे भाभी. नागपूर से आके दो दिन खुश रहते थे." त्यांनी समाधान करायला म्हटलं, आणि मी आणखीच गोंधळले.

मग मी ठरवलं की जाऊन बघायचं. आईकडे जायचंच होतं, तिला तुमच्या वेळी येता आलं नव्हतं. यशू बरोबर आली, तिला आजीजवळ चार दिवस ठेवलं आणि मी एकटी परत निघाले. यशू म्हणाली, "एकटी हायवेवर? पागल झालीस काय मम्मी?" मी म्हटलं, रोज ऑफिसला कोण चालवतं गाडी? आईने डबा दिला. दोन माणसांचा दिला, सवयीने, आणि मीही तो कमी केला नाही.

निघताना कॅमेरा काचेला लावला आणि बटण दाबलं. टूँ. आणि माझा हात पर्सकडे गेला. गाडी आईच्या फाटकातच उभी होती, मी चालकाच्या जागेवर होते, तरी हात पर्सकडे गेला.

तेव्हा लक्षात आलं. तुम्ही त्या शेतापाशी बटण दाबलं असतंत तर मी जागी झाले असते. मी केलेला नियम तुम्ही सगळीकडे पाळलात, फक्त तिथे नाही. म्हणजे दुसरी शक्यता खरी. हिंगणघाटपर्यंत मी तुमच्यावर इतकी खूश होते की चहाला थांबायचंच विसरले. मग पांढरकवड्याच्या पुढे वाटलं, बरं वाटत नसलेला माणूस बटण दाबायचं विसरतो. किंवा हात तिथपर्यंत नेत नाही. आदिलाबादला मी पुन्हा होते तिथेच.

निर्मलला डबा उघडला, अर्धा खाल्ला. गोदावरी ओलांडली. ती जागा लगेच सापडली. ट्रकवाल्यांसाठी कडेला मोकळी सोडलेली जागा आहे, ताड तसेच आहेत, हळद खांद्याएवढी झाली आहे. गाडी कडेला घेतली. कॅमेऱ्याकडे हात नेला आणि परत घेतला. कोणाला उठवायचं नव्हतं. तरी दाबलं नाही.

तुमच्या जागेवर मी पहिल्यांदाच तिथे बसले होते. एक गोष्ट मला घरी बसून कळली नसती. शेत डावीकडे आहे. चालकाच्या जागेवरून ते बघायचं तर शेजारच्या सीटवरून बघावं लागतं. तिथे आता डब्याची पिशवी होती, तिच्या वरून मला हळद दिसत होती. माझी जागा एवढी लहान दिसते हे मला माहीत नव्हतं. ट्रक जवळून गेला की गाडी थोडी हलते, आणि मग पुन्हा स्थिर होते. काच खाली केली तर ओल्या मातीचा वास येतो.

मी काय शोधत होते ते मला माहीत होतं, आणि ते तिथे नव्हतं. तरी निघवेना. मी रडले नाही. फार विचारही केला नाही. थोडा वेळ डोळे मिटले असतील. झोपले का, ते सांगता येणार नाही. दुखत काही नव्हतं, आणि अगदी बरं वाटत होतं असंही नाही. मग केव्हातरी गाडी सुरू केली.

तारनाक्यात शिरले तेव्हा पाच वाजून गेले होते. पार्किंगमध्ये फोन पाहिला तर यशूचे कॉलच कॉल.

"मम्मी, तू चार बोलली होतीस. मी आणि आजी इथे टेन्शनमध्ये. काय झालं?"

"काही नाही ग," मी म्हटलं. "पुढे ट्रक होते."

बोलून झाल्यावर मी गाडीतच बसून राहिले. वरच्या काकू गॅलरीतून वाकून बघत होत्या.

यशू परवा परत आली. आल्याबरोबर तिने कॅमेरा लॅपटॉपला लावला. मी भाजी चिरत होते, पण कान तिकडेच होते. व्हिडिओला आवाज नसतो, तरीही. बऱ्याच वेळाने ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मम्मी, ट्रक कुठेत?"

मी म्हटलं, कुठले ट्रक?

"तू बोललीस ना, पुढे ट्रक होते. पुढे काहीच नाही. तू थांबलीस. पप्पांच्या जागी. त्यांच्यापेक्षा डबल वेळ." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "बरं वाटत नव्हतं काय तुला? खरं सांग."

"मी मस्त आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तुमच्याकडे मी असं कधी बघितलं नाही, बघायला हवं होतं का ते आता कोणाला विचारू? मी तिला खरंच सांगत होते. आणि ती विश्वास ठेवत नव्हती, तेही बरोबरच होतं. मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही मी तिथे का थांबले. तुम्हाला आलं असतं का? इतके दिवस मी धरून चालले आहे की उत्तर तुमच्याकडे होतं आणि तुम्ही ते दिलं नाहीत. आता तेवढीही खात्री नाही.

तो भाग कापू का, असं यशूने विचारलं. मी नको म्हटलं. तुमच्याही व्हिडिओंतले कापायचे नाहीत म्हणून सांगितलं आहे. आईला दाखवायचे झाले तर तिला शेतच बघावं लागेल, ट्रक बघितला होता तसं.

शनिवारी यशूने माझी तपासणी ठरवली आहे. हृदयाची, रक्ताची, सगळी. मला न विचारता वेळ घेतली आणि उपाशीपोटी यायचं म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावली, माझ्याच पद्धतीने, खाली रेघ मारून. मी नाही म्हटलं नाही. गाडी ती चालवणार आहे. वाटेत ती पुन्हा विचारेल, आणि काय सांगायचं ते मी अजून ठरवते आहे.

ट्रकचं आता चालणार नाही.